तीन दिवसांत हरकत नाही, तर मंजूर

"वैशालीनं राजीनामा देल्ला... अन् आता पुण्याले जाते म्हणते... अन् ते दोघं पोट्टे तं..."

एवढं ऐकू आलं आणि शेजारच्या मंदाताईंच्या कुकरची शिट्टी झाली. फोन घेऊन त्या आत गेल्या. मी इकडे भिंतीपाशी मेथी निवडत बसलेली. त्या दोघा पोट्ट्यांचं काय, ते काही कळलं नाही! आता अर्धी बातमी घेऊन माणूस घरात बसेल तरी कसा? मेथी तशीच सोडली आणि समोरच्या बाईंकडे गेले. म्हटलं, "ऐकलं काय? आपली वैशाली राजीनामा देऊन कायमची पुण्याले चालली!"

भिंतीला भिंत लागून घर असलं की किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. ते टाकीवरच्या शेवाळासारखे आपोआप साचतात. त्यातून शेजारी सॉफ्टवेअर चालत असलं, तर विचारूच नका!

*

मंदाताईंची वैशाली इथे यवतमाळला कॉलेजात शिकवते. बोंडअळीची ती वर्षं होती. बोंड बाहेरून टवटवीत, फोडलं की आत गुलाबी अळी! त्या वर्षांत वैशालीनं मोबाईलचं एक अॅप काढलं. शेतात कामगंध सापळे लावतात, त्यात अळीचे पतंग येऊन अडकतात. रोज किती अडकले ते अॅपात भरायचं. मग आपलं गाव हिरवं, पिवळं की लाल, म्हणजे फवारायचं की थांबायचं, ते अॅप सांगणार. उगाच विष मारत बसायला नको.

"ओपन सोर्स आहे काकू," वैशाली म्हणाली. "आतलं सगळं उघडं. कोणीही वाचावं, कोणीही बदल सुचवावा."

"मग मालक कोण?"

"कोणीच नाही."

"बाप्पा! मग भांडण कोणाशी करता?"

"एकमेकांशी!"

ते मात्र खरं होतं. भांडणारे मुख्य दोघं. एक गजानन राठोड, नेरजवळच्या तांड्यावरचा, स्वतः कपाशी लावणारा, बोलायला फाटकन. दुसरा प्रफुल्ल मेश्राम, राजूरच्या खाणीच्या ऑफिसात कामाला, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा. दोघंही सुट्टीच्या दिवशी वैशालीच्या ओसरीवर येत आणि बाकीचे दिवस ई-मेलच्या ग्रुपवर वाद घालत.

त्यांचे नियम मला पाठ झाले होते. एकाचं काम दुसऱ्यानं तपासल्याशिवाय आत जायचं नाही. प्रस्ताव ग्रुपवर टाकायचा, तीन दिवसांत कोणाची हरकत आली नाही तर मंजूर. हरकतीला कारण लागतं. मिटलंच नाही, तर शेवटचा शब्द वैशालीचा.

*

अॅपच्या पहिल्या पानावर पतंगाचं चित्र टाकायचं होतं. गजानन म्हणाला, तोंड डावीकडे. प्रफुल्ल म्हणाला, उजवीकडे. झालं! अकरा दिवस ग्रुपवर तेच. गजाननानं लिहिलं की त्यानं सापळ्यात पाहिलेल्या प्रत्येक पतंगाचं तोंड डावीकडेच होतं. प्रफुल्लनं उलट विचारलं, "आपण सापळ्याच्या कोणत्या बाजूने उभे होता, कृपया कळवावे."

त्याच आठवड्यात वैशालीनं गाव लाल कधी करायचं याचं सगळं गणित ग्रुपवर टाकलं. तीन दिवस गेले. एका माणसानं तोंड उघडलं नाही. मंजूर!

वैशाली ओसरीवर कपाळाला हात लावून बसली. "अरे, पतंगाच्या तोंडावर अकरा दिवस, अन् गणितावर एक शब्द नाही?"

गजानन म्हणाला, "ताई, पतंग समजते न आमाले!"

शेवटी तिनं पतंगाचं तोंड समोर केलं.

*

एकदा प्रफुल्लनं प्रस्ताव टाकला की अॅप उघडण्याआधी प्रत्येकानं आपला मोबाईल नंबर भरावा. नेमकं त्याच दिवशी वादळात गजाननाच्या तांड्याकडचा विजेचा पोल पडला. तीन दिवस लाईट नाही, मोबाईल बंद. चौथ्या दिवशी लाईट आली आणि याला कळलं, की प्रस्ताव मंजूर होऊन कामसुद्धा झालं!

तासाभरात चिखलानं भरलेली मोटरसायकल दारात. फाटकातूनच ओरडला, "माही हरकत हाय!"

प्रफुल्ल ओसरीवरच होता. घड्याळ पाहून म्हणाला, "मुदत संपली."

"अरे, पोल पडलता! पोलाले मुदत समजते काय?"

वैशालीनं नवा नियम काढला. ज्याच्याकडे लाईट नाही, त्याचे ते दिवस मोजायचे नाहीत. प्रफुल्ल म्हणाला, "पण लाईट नाही हे तो कळवणार कसा?" मग गजानन बोलला, नेरला जाऊन कोणाच्याही दुकानातून फोन करीन, पण ताई कॉलेजात असते, तिचा फोन बंद. दिवसभर घरी सापडणारं असं कोण?

तिघांनी भिंतीकडे पाहिलं. मी तिथेच होते, योगायोगानं.

तेव्हापासून नियमांत लिहिलं गेलं, की इंटरनेट नसल्यास हरकत शेजारच्या काकूंच्या फोनवर नोंदवावी. मी शंभर पानी वही आणली. तारीख, नाव, हरकत, कारण. आमचे हे म्हणाले, "तू तं फुकटात बी ऐकतच होती, आता सही घेऊन ऐक!"

*

जर्मनीहून क्लाउस नावाचे एक गृहस्थ या कामात होते. त्यांनी पाहिलं, की नेरकडची गावं दर आठवड्याला एका ठरावीक दिवशी लाल होतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवी. त्यांनी शोध लावला, की पतंग दर आठवड्याला जंगलातून शेतात स्थलांतर करतात. सहा आठवडे खपून तसा कोडही लिहिला. प्रफुल्लनं ओळ अन् ओळ तपासली. एक चूक सापडली नाही.

ओसरीवर कॉम्प्युटरात तो आलेख उघडला होता. मी चहा द्यायच्या निमित्तानं गेले.

"गजानन, तुमच्या इकडं बाजार कोणत्या दिवशी भरते रे?"

त्यानं सांगितलं.

"अन् हे लाल झालेले दिवस?"

"त्याच्या दुसऱ्या दिवशीचे."

"बाजाराच्या दिवशी तू कुठं असतो?"

"मी? बाजारात."

"मग सापळा कोण पाह्यते?"

गजाननानं चहाचा कप खाली ठेवला. बाजाराच्या दिवशी शेताकडे फिरकतंच कोण? दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे पतंग एकदम मोजायचे आणि एकाच दिवशी भरायचे!

क्लाउसनं आपला सगळा कोड काढून टाकला आणि मदत करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव घालायला सांगितलं. वर नम्रपणे विचारलं, "या काकू कोणत्या संस्थेच्या?"

वैशालीनं कळवलं, "भिंतीपलीकडच्या."

*

आता त्या राजीनाम्याचं. दोन दिवस मी धीर धरला. तिसऱ्या दिवशी वैशालीला भिंतीवरून सरळ विचारलं.

तिनं कॉलेज सोडलं नव्हतं. अॅपमधला शेवटचा शब्द सोडला होता. ग्रुपवर लिहिलं होतं, "रविवारपासून शेवटचा निर्णय मी देणार नाही. गजानन आणि प्रफुल्ल यांनी आपसात ठरवावे. तीन दिवसांत हरकत नसल्यास मंजूर."

"थकली मी काकू," ती म्हणाली. "महिना झाला, दोघांनी एकमेकांचं काम उघडून पाहिलं नाही. दोघंही म्हणतात, ताई पाहील. भीती एकच वाटते. उद्या वेगळे झाले तर अॅपं दोन होतील. अर्धी गावं एकात भरतील, अर्धी दुसऱ्यात. कपाशी आता फुलावर आली. पतंग यायच्या तोंडावर कोणतं गाव खरं लाल, हे कोणालाच कळणार नाही."

"मग काहून सोडते?"

"मी आहे तोवर ते बोलतच नाहीत न एकमेकांशी!"

ती कॉलेजात गेली. मुदत त्याच संध्याकाळपर्यंत होती आणि ग्रुपवर म्हणे एकही हरकत नव्हती.

दुपारी माझा फोन वाजला. गजानन.

"काकू, वही घ्या. ताईच्या राजीनाम्यावर माही हरकत."

"लाईट नाई काय रे?"

"लाईट हाय. पण ग्रुपवर टाकलं तं प्रफुल्ल वाचते."

"कारण सांग."

त्यानं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "लिहा. ताई नसली तं प्रफुल्ल रागानं सोडून जाईन. तो गेला तं माह्या चुका पकडणारा दुसरा कोणी नाई. पण त्याले सांगजा नका!"

अर्ध्या तासानं पुन्हा फोन. राजूरहून प्रफुल्ल. आवाज एकदम ऑफिसचा.

"काकू, हरकत नोंदवायची आहे. कारण असं, की ताई नसल्या तर गजानन चिडून निघून जाईल. मग शेतातलं खरं काय ते सांगणारं कोणी उरणार नाही." आणि मग हळूच, "त्याले मात्र कळू देऊ नका हं."

बाई गं! एवढं पोटात घेऊन मी संध्याकाळपर्यंत कशी बसले, ते माझं मला माहीत!

वैशाली घरी येताच वही भिंतीवरून दिली. तिनं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. ओढणीनं डोळे पुसले आणि हसायला लागली.

"काकू, तिसरी हरकत कोणाची? नाव नाही लिहिलं."

"माही. यादीत नाव हाय माहं."

"कारण?"

"मले कोणी विचारलंच नाई!"

तिनं पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "तीन हरकती. नामंजूर."

"वैशू, दोघांनी बी सांगू नका म्हतलं होतं वो!"

"आतलं सगळं उघडं आहे काकू."

तासभर गेला. मग महिनाभर पडून राहिलेल्या प्रफुल्लच्या कामाखाली गजाननाचा एकच शब्द आला. "तपासलं." दहा मिनिटांनी गजाननाच्या कामाखाली प्रफुल्लचा. "तपासले. दोन चुका आहेत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वैशाली पुण्याच्या ट्रॅव्हल्सपाशी उभी होती. अशीच सॉफ्टवेअरं करणाऱ्या लोकांची तिथं दोन दिवसांची बैठक होती. गजानन तिची बॅग घेऊन आला होता. आणि कॉलनीतल्या सहा बायका नारळ, ब्लाउजपीस घेऊन ओटी भरायला! एकीनं तर डोळ्यांना पदर लावलेला. मंदाताई नुसत्या बघत राहिल्या.

"अहो मावशी, मी बुधवारी परत येते!" वैशाली हातातले नारळ सांभाळत म्हणाली. मग हळूच माझ्याकडे वळली. "काकू, राजीनामा खरा होता. पुणंही खरं आहे. 'कायमची' हे कोणी घातलं?"

मी गाडीचा नंबर वाचायला लागले.

गजाननानं बॅग वर चढवली आणि म्हणाला, "ताई, ते न तपासताच आत गेलं!"