भिगवणला खेळलेला लांडगा

लांडग्याचा खेळ आमच्या गावात आणला तो पुण्याला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका पोरानं. दिवाळीच्या सुट्टीत तो आला आणि अभ्यासिकेत आम्हाला गोल बसवून नियम सांगायला लागला. पुण्यात या खेळाला माफिया म्हणतात म्हणे. आमच्या इंदापूर तालुक्यात माफिया कुणी पाहिलाय? लांडगा मात्र सगळ्यांना माहीत. गावामागच्या माळावर मेंढरांच्या मागं तो अजूनही फिरतो. त्यामुळं पहिल्याच दिवशी खेळाचं नाव बदललं.

खेळ सोपा. चिठ्ठ्या वाटायच्या. दोन चिठ्ठ्यांवर लांडगा, बाकीचे साधे गावकरी. आपली चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. खेळ चालवणारा "गाव झोपलं" म्हणाला की सगळ्यांनी डोळे मिटायचे. मग फक्त लांडगे डोळे उघडतात आणि खुणेनं एकाला मारतात. "गाव उठलं" म्हटलं की उरलेल्यांनी भांडायचं, लांडगा कोण ते ओळखायचं आणि ज्याच्यावर संशय असेल त्याला हात वर करून बाहेर काढायचं. जो बाहेर गेला त्यानं बाजूला बसायचं. त्याचे डोळे उघडे, तोंड बंद.

पण आमच्या लोकांनी या खेळाचं जे केलं ते पुण्यात कुणी केलं नसेल. आमच्याकडं सोसायटी असो, दूध डेअरी असो, नाहीतर जत्रा कमिटी, सभेचा निकाल सभेच्या आधी लागलेला असतो. कुणाच्या तरी ओट्यावर चहा पिता पिता सगळं ठरतं आणि सभेत नुसतं "बिनविरोध" म्हणून टाळ्या वाजवायच्या. सभेत तोंड उघडणाऱ्या माणसाला रीतभात नाही असं समजतात. ही सवय अंगात इतकी भिनलेली की पहिल्या डावाला चिठ्ठ्या वाटायच्या आधीच चार पोरं बाहेर जाऊन कुणाला काढायचं ते ठरवून आली.

इंजिनिअर वैतागला. "आरं, लांडगा कोण तेच आजून ठरलं न्हाय!"

"त्यानं काय फरक पडतोय?" आमच्या अभ्यासिकेच्या गटाचे अध्यक्ष म्हणाले. "आमचं ठरलंय."

आम्ही पोट धरून हसलो. मी तर सगळ्यात जास्त हसले असेन.

हे अध्यक्ष वयानं आमच्यापेक्षा थोडे मोठे. माणूस वाईट नव्हता, पण खोलीची किल्ली त्यांच्या खिशात असायची आणि खरं दुखणं तिथंच होतं. अभ्यासिका म्हणजे ग्रामपंचायतीची जुनी खोली. आधी तिच्यात फवारणीचे पंप आणि तुटक्या खुर्च्या पडलेल्या. मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघींनी सरपंचांच्या मागं लागून ती मागून घेतली, कोळ्याची जाळी काढली, चुना लावला. घरी मुलींना अभ्यासाला जागा कुठली? पुस्तक उघडलं की कुणीतरी पाणी मागतं, कुणीतरी भाकरी थापायला बोलावतं. म्हणून पहाटे खोली मुलींसाठी उघडायची, असं आमच्या मनात. पण मुली येऊन पायरीवर बसायच्या आणि अध्यक्ष झोपलेले, नाहीतर किल्ली घेऊन बारामतीला गेलेले. बारावीची एक पोरगी थंडीत कुडकुडत बसून शेवटी घरी गेली आणि तिच्या बापानं तिला परत पाठवली नाही. अध्यक्षांनी खोलीत कॅरम आणून ठेवला तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. किल्ली मला पाहिजे, मी गटात सरळ सांगून टाकलं. निर्णय गटाच्या भिगवणच्या सहलीत घ्यायचा ठरला, जेवणानंतर, सगळ्यांसमोर.

माझ्या मैत्रिणीनं मला शब्द दिला होता. पाचवीपासून एका बाकावर बसलेलो आम्ही. तिच्या डब्यातलं लोणचं माझं आणि माझी शेंगदाण्याची चटणी तिची. ती म्हणाली, "आगं, मी हाय की. तुझं नाव मीच घेते, तू कशाला बोलतीस?" तिच्या भरवशावर मी कुणाच्या ओट्यावर गेले नाही, कुणाला काही सांगितलं नाही. ठरवाठरवी मला आवडत नव्हती आणि मैत्रिणीच्या शब्दामुळं तिची गरजही वाटली नाही.

भिगवणला सकाळी धरणाच्या पाण्यात होडीत बसून रोहित पक्षी पाहिले. मग हायवेच्या कडेला एका खाणावळीत मासळी सांगितली. मालक चाचा ओळखीचे. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्हाला बसवून म्हणाले, "चिलापी ताजी हाय, कापायला येळ लागंल. खेळा तवर." अध्यक्ष लगेच म्हणाले, लांडगा खेळू.

चिठ्ठी उघडली. मी साधी गावकरी. गाव झोपलं, लांडग्यांनी एकाला मारलं, गाव उठलं. आता खरी मजा सुरू व्हायची, आरडाओरडा, शपथा, एकमेकांची उणीदुणी. पण कुणी भांडलंच नाही. अध्यक्षांनी माझ्याकडं बोट केलं आणि हात वर गेले. एकदम गेले. कुणी विचारलं नाही, "हिच्यावर का संशय?" मी हसत माझ्या मैत्रिणीकडं बघितलं. ती आता उठून भांडणार, अशी माझी खात्री. तिचा हात वर होता. ती शेडबाहेरच्या पाण्याकडं बघत होती.

माझी चिठ्ठी उघडून दाखवली, गावकरी निघाले, सगळे "अरेरे" म्हणाले. मी बाजूला जाऊन बसले. खेळच तो, मी स्वतःला समजावलं.  पण हे बाहेर ठरलेलं होतं, ते मला शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आणि खेळात मला काढून यांना मिळणार काय होतं? कुणी काही बोलणार नाही ना, एवढंच त्यांनी बघून घेतलं. जेवणानंतरच्या सभेची ती रंगीत तालीम होती.

हात धुवायला गेले तर माझ्या मागं गटातली एक मुलगी आली. ती हळूच म्हणाली, "तुला खरंच म्हाईत न्हाय व्हय? अध्यक्षांच्या मामेभावाशी तुझ्या मैत्रिणीची सोयरीक ठरतीया. काल पावनं येऊन गेलं." मला माहीत नव्हतं. काल संध्याकाळी ती माझ्या घरी बसून चहा पिऊन गेली होती आणि पाहुण्यांचा 'प'सुद्धा तिनं काढला नव्हता.

मला राग आला, पण खरं सांगते, त्याहून जास्त तिची दया आली. होणाऱ्या सासरच्या माणसासमोर ती माझं नाव कसं घेणार? मला सांगितलं असतं तर मीच म्हणाले असते, बाई, तू गप्प बस. मासळी खाता खाता डोकं चालत होतं. बाजूला बसून मी खेळ बघितला होता, मिटलेल्या डोळ्यांचे सगळे चेहरे बघितले होते. सगळ्यांचे डोळे मिटले की माणसाला कुणाच्या बघण्याची भीती राहत नाही. तिला तेवढी आडोशाची जागा दिली की ती माझीच असणार होती.

जेवणं झाल्यावर अध्यक्ष उभे राहिले. "किल्ली हाय तशी माझ्याकडंच राहू दे. बिनविरोध ना?" टाळ्या वाजायला लागल्या. माझ्या मैत्रिणीनं माझं नाव घेतलं नाही. ताटातला काटा ती बोटानं बाजूला सारत होती.

मी उठले. "माझा विरोध हाय."

टाळ्या थांबल्या. आमच्याकडं हे वाक्य कुणी बोलत नाही. एका पोरानं तर माझा कुर्ता ओढून मला खाली बसवायला बघितलं. मी म्हटलं, "लांडग्यासारखं करू. सगळ्यांनी डोळे मिटा. अध्यक्ष आणि मी पाठ करून उभं राहतो. इंजिनिअर हात मोजंल आणि कुणाचा हात कुठं गेला ते कुणाला सांगणार न्हाय." इंजिनिअरला ही कल्पना फार आवडली. अध्यक्षांना नाही म्हणता येईना. सगळं ठरलेलंच होतं, मग भ्यायचं कशाला?

अध्यक्ष रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. मी भिंतीकडं वळले. माझ्यासमोर हात धुवायचं बेसिन होतं आणि त्याच्यावर आरसा. कुठल्याही खाणावळीतल्या आरशासारखाच, कडेनं काळा पडलेला, वर गुटख्याचे शिंतोडे. मी मुद्दाम तिकडं वळले नव्हते. पण त्यात मागची अख्खी पंगत दिसत होती आणि मधोमध ती.

इंजिनिअरनं माझं नाव घेतलं. मिटल्या डोळ्यांनी हात वर जायला लागले. ज्यांच्याशी मी कधी चार शब्द बोलले नव्हते त्या मुलींचे. सोयरीक सांगणारीचा. अध्यक्षांच्या सख्ख्या चुलतभावाचासुद्धा. माझा ऊर भरून आला. माझ्या मैत्रिणीचे दोन्ही हात मात्र मांडीवर होते. घाबरली असेल, मी म्हटलं, आता करेल. इंजिनिअर सावकाश मोजत होता, वेळ भरपूर होता. तिनं केला नाही.

मग त्यानं अध्यक्षांचं नाव घेतलं. तिनं उजवा हात वर केला. सरळ, कोपर ताठ, शाळेत उत्तर येत असलं की करायची तसा. कुणी बघत नव्हतं. सासरचं माणूस रस्त्याकडं बघत होतं, बाकीच्यांचे डोळे मिटलेले. तिला कुणाला काही दाखवायचं नव्हतं. मी ज्याला तिची अडचण समजत होते ती तिची निवड होती.  

इंजिनिअरनं सांगितलं, माझ्या बाजूनं हात जास्त, आणि किल्ली मला मिळाली. अध्यक्षांनी खिशातून काढून हसत माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "घ्या, मॅडम." पोरी ओरडल्या, चाचांनी बडीशेपेची वाटी आणून सगळ्यांसमोर फिरवली. तेव्हापासून खोली पहाटे उघडते, अजूनही मीच उघडते, आणि बारावीची ती पोरगी परत यायला लागली. त्या दिवशी मात्र मला त्यातलं काही गोड लागलं नाही. जिच्याबरोबर चुना लावला तिच्याशिवाय ती खोली मिळाली होती, आणि मला एवढंच कळत होतं की माझ्या हातात लोखंडाचा एक तुकडा आहे.

परतताना गाडीत ती मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसली. मागं गाणी चालली होती. माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती हळू आवाजात म्हणाली, "खेळात तुला काढलं म्हणून रुसलीस व्हय? आगं, तो खेळ. मगाशी मी तुलाच हात केला. त्यांच्यासमोर तुझं नाव घेता आलं न्हाय, पण डोळं मिटल्यावर केला. गळ्याशप्पथ." आणि तिनं खरंच चिमटीत आपला गळा धरला.

मी तिच्याकडं बघितलं. पाचवीपासून बघत आलेला चेहरा. भांडायला तोंडात शब्द होते, पण ते सगळे बारीक वाटले. तिला आरशाचं सांगावं असं वाटलं, आणि लगेच वाटलं, सांगून काय होईल? ती रडेल, मी समजूत काढेन, आणि घरी पोचेपर्यंत चूक माझी झालेली असेल.

मी एवढंच विचारलं, "कुठला हात वर केलास? उजवा का डावा?"

ती हसली. किल्ली धरलेली माझी मूठ तिनं दोन्ही हातांत धरली.

"उजवाच की," ती म्हणाली.

तेवढं मात्र खरं होतं. उजवाच होता.