बंद इंजिनाचा उतार

लारी चालवता येणं वेगळं आणि लारी हातात मिळणं वेगळं, हे मला निजामाच्या अमदानीत, ऐन उमेदीत कळलं. मी बरीच वर्षं क्लीनर होतो. चढाला लाकडी ओंडका घेऊन चाकामागं पळायचं, सकाळी हँडल मारून खांदा दुखवून घ्यायचा, आणि जेवणानंतर उस्तादांना, म्हणजे ड्रायव्हरला, झापड आली की सपाट सडकेवर त्यांच्या जागी बसायचं. एवढीच माझी शाळा. पुढं परवाना मिळाला, पण बीडचे लारीवाले एकच विचारायचे, "घाट उतरलायस का?" घाट उतरलेला नाही म्हणून लारी नाही, आणि लारी नाही म्हणून घाट नाही. चपला झिजल्या.

शेवटी केजच्या एका शेठजींकडं गेलो. ते म्हणाले, "नव्या सुनेची पहिली भाकर करपतीच बे. पन ती माझ्याच तव्यावर कावून?" मग पान जुळवत म्हणाले, "जामीन कोन राहतो तुझा?"

जामीन राहिले माझे मामा. त्यांची बैलगाडी होती. केज, धारूर आणि घाटाखालच्या गावांपर्यंत ते भाड्यानं माल वाहायचे. त्यांच्या गाडीवर पोती चढली की व्यापारी घरी जाऊन निवांत निजायचा, असं त्यांचं नाव. लाऱ्या आल्यापासून भाडी रोडावली होती, तरी ते माझ्यासाठी शेठजींच्या ओट्यावर जाऊन बसले. परतताना मला म्हणाले, "मला खानाऱ्या वाघाला मीच दात बसवून दिले म्हन की लेका!" आणि स्वतःच लई हसले.

नोकरी लागली आणि झोप गेली. माल भरेपर्यंत ताटकळायचं, माल उतरेपर्यंत ताटकळायचं, मधल्या वेळात फक्त चालवायचं. पोतं फाटलं तर ड्रायव्हर, चाक फसलं तर ड्रायव्हर. सगळ्यात अवघड धारूरचा घाट. ब्रेकवर दाबलेला पाय खाली पोचल्यावरही थरथरत राहायचा, आणि क्लीनरला दिसू नये म्हणून मी गुडघ्यावर हात ठेवून बसायचो.

शेठजींचा जीव पेट्रोलात. लारी परतली की ते वेळूची काठी टाकीत बुडवायचे आणि ओल कुठवर आली ते सगळ्यांदेखत बघायचे. "जुना उस्ताद ह्याच्यापेक्षा लई उरवून आनायचा," म्हणायचे. जुने उस्ताद कसं उरवायचे ते मला ठाऊक होतं. घाटाच्या माथ्यावर इंजिन बंद करून लारी उतारावर सोडून द्यायचे. मीही सोडू लागलो. काठी वरपर्यंत ओली निघू लागली, शेठजी गप झाले.

त्या काळी बैलांना मोटारीची सवय नव्हती. लांबून घरघर आली की गाडीवान खाली उतरायचा, बैलांच्या तोंडावर पटका टाकायचा आणि लारी जाईपर्यंत वेसण धरून उभा राहायचा. आमचा भोंगा म्हणजे एक चिरलेला रबरी फुगा, त्यातून नुसती हवा निघायची, हे शेठजींना ठाऊक नव्हतं. गाडीवानांना कळायचं ते इंजिनाच्या आवाजावरून. हे मला माहीत होतं. माहीत असूनच मी इंजिन बंद करायचो.

एके दिवशी असाच इंजिन बंद करून उतरत होतो, तर वळणावर समोरून घाट चढणारी बैलगाडी आली. मामांचीच. ते उडी मारून खाली आले, पटक्याला हात घातला, पण तेवढा वेळ मी दिलाच नव्हता. लारीचा धक्कासुद्धा लागला नाही. बैल बुजले, गाडी दरीच्या अंगाला कलंडली आणि डावा बैल जुवाखाली मोडला. मी लारी थांबवून धावत वर आलो, तेव्हा मामा त्याच्या गळ्याचा दोर कापत होते. मान वर न करता म्हणाले, "बंद व्हतं व्हय रे?"

मी दोराचं टोक धरून ओढू लागलो. बैल परत उठला नाही.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी दोघांना ओट्यावर बोलावलं. बाजारातली चार माणसं होतीच.

"भोंगा वाजवलातास का?" शेठजींनी मला विचारलं.

"वाजवला," मी म्हणालो. नाही म्हणालो असतो, तर संध्याकाळी मी पुन्हा रस्त्यावर होतो.

शेठजी मामांकडं वळले. मामांनी फरशीकडं बघितलं. मग म्हणाले, "वाजवला आसंल, शेठ. माझाच डोळा लागलाता."

"घ्या! गाडीवानच घोरतो, मग बैलानं काय करावं?" कुणीतरी म्हणालं, आणि ओटा हसला. मीही तोंड हसरं केलं. ते हसू मला अजून आठवतं, म्हणून लिहिलं.

गाडीवर झोपणाऱ्या गाडीवानाला माल कोण देणार? राहिलेला बैल मामांनी विकला आणि ते दुसऱ्यांच्या रानात खुरपणीला जाऊ लागले. माझी नोकरी टिकली. मी घाटात इंजिन चालू ठेवलं का? नाही. काठी होतीच. क्लीनरला पुढं बसवून रिकामा डबा बडवायला लावायचो. गाडीवान ओरडायचे, "आली रे, बँडबाजा आला!" पण पटके वेळेवर पडायचे. डबा आधीही वाजवता आला असता.

मामांकडं जाणं मी कमी केलं. गेलो तर पाऊसपाणी, पिकं, एवढंच बोलणं. एकदा मामा रानात होते आणि मामी मला वाढत होत्या. वाढता वाढता म्हणाल्या, "ह्यांनी जलमात कधी गाडीवर डोळा मिटला न्हाई. त्याच दिशी कसा लागला, तुला काय वाटतं?"

"दमले असतील," मी म्हणालो, आणि ताटात बघून जेवत राहिलो.