यादेरच्या नावावर दोन हंगाम

रुपेर्तो मुंगियाचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. गजर त्याने कधी लावला नाही. त्याची बायको दामारिस त्याच्या आधी उठलेली असायची. भात आणि लाल घेवडा एकत्र परतलेला, मक्याच्या चार भाकऱ्या फडक्यात बांधलेल्या. तो अंगणातल्या दगडावर बसून कोयत्यावर कानस फिरवायचा. एका बाजूने वीस वेळा, दुसऱ्या बाजूने पाच. त्याहून जास्त घासलं तर धार पातळ होते आणि अकरा वाजता दगा देते. चारला चौकात ट्रक यायचा. चिनांदेगा जिल्ह्याच्या त्या ऊसपट्ट्यात नोव्हेंबर ते एप्रिल सगळ्या वस्त्या याच वेळी जाग्या असतात.

ऊस आदल्या संध्याकाळी पेटवलेला असतो. पाला जळतो, कांडं उभी राहतात, सकाळीही जमीन पायाला कोमट लागते. ऊस तोडणं हे ताकदीचं काम नाही, कंबरेचं आहे. साखर बुडाशी असते, म्हणून वाकून जमिनीलगत घाव घालायचा. खुंट दोन बोटांहून उंच राहिला तर मुकादम परत पाठवतो. एक घाव बुडाला, एक शेंड्याला, कांडं डावीकडे. सहा ते दोन एवढंच. चांगला माणूस दिवसाला पाच टन पाडतो. रुपेर्तो सहा पाडायचा. आदल्या रात्रीची दारू अंगात असली तर चार.

असे चार टनांचे दिवस त्याच्याकडे बरेच होते. मुलगी नोहेमी हिच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला तो चर्चच्या पायरीवर ओकला. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, आता तेरा.

घरात जुना टीव्ही आला आणि दर बुधवारी साडेसहाला ‘नवा मी’ हा कार्यक्रम लागू लागला. लिसांद्रो नावाचा माणूस, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. खचलेल्या एका माणसाला तो तासाभरात उभं करायचा. कधी दिवाळं निघालेला पाववाला, कधी नवऱ्याने टाकलेली बाई. रुपेर्तोने पहिला भाग पाहिला तो निव्वळ आळसाने. उठून बंद कोण करणार? त्या दिवशी एक दारुडा बस ड्रायव्हर होता. लिसांद्रो त्याच्यावर ओरडला नाही. म्हणाला, “कुणाची माफी मागायची राहिलीय? आज माग. उद्या तू पुन्हा तोच होशील.”

जाहिराती संपेपर्यंत रुपेर्तो बसून राहिला. मग मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

“त्या दिवशी पायरीवर मी घाण केली. चूक माझी होती.”

“कुणाची होती ते मला माहितीये,” नोहेमी वहीतून मान न उचलता म्हणाली.

पण दुसऱ्या पहाटे त्याच्यासमोर कॉफीचा कप तिने ठेवला.

बाटली त्या महिन्यात सुटली. मग एकेक गोष्ट तो घेत गेला. रोज एक ओळ लिहायची, आज काय केलं आणि उद्या काय करणार. दुसरीपर्यंतच शिकलेला, त्याची अक्षरं कधी एका उंचीची आली नाहीत, तरी त्याने एकही दिवस चुकवला नाही. रागाच्या भरात कुणाला उत्तर द्यायचं नाही. दुसऱ्याचं काम चांगलं झालं तर तोंडावर सांगायचं. ट्रकमध्ये त्याची थट्टा व्हायची.

“काय रे लिसांद्रो, आज आमचं आयुष्य बदलणार का?”

“तुझं नको. तू बदललास तर तुझी बायको तुला ओळखायची नाही.”

“बरंच होईल की! निदान घरात तरी घेईल!”

त्यालाही हसू यायचं. तोवर सगळं ठीक होतं.

मग एका बुधवारी डोंगर चढणाऱ्या बाईचा भाग आला. लिसांद्रो म्हणाला, “शरीर थकत नाही. मन थकतं. मन ‘बस’ म्हणालं की त्याला सांगा, अजून एक.” ही गोष्ट रुपेर्तोच्या सगळ्यात आत गेली, कारण ही त्याला कामाची वाटली. बाकीचे सकाळपासून तीनदा पाण्याच्या कॅनजवळ जायचे, बांधावर टेकायचे. तो एकदाच जाऊ लागला. अजून एक सरी. अजून एक. सहाचे सात टन झाले, मग आठ. पोटऱ्यांना गोळे यायचे, डोकं ठणकायचं, लघवीला आग व्हायची आणि तिचा रंग कॉफीसारखा असायचा. उसात हे थोडंफार सगळ्यांनाच होतं. ऊन लागलं म्हणायचं, एक गोळी घ्यायची आणि पुन्हा वाकायचं. रुपेर्तो गोळीही घ्यायचा नाही. पोटरीला म्हणायचा, अजून एक.

“तुझ्या त्या लिसांद्रोच्या काखेत घामाचा डाग पाहिलायस कधी?” दामारिसने एकदा विचारलं.

“तो मनाबद्दल बोलतो.”

“मग मनाने तोड ना ऊस. पाठ घरी ठेवून जा.”

तिचं बरोबर होतं. गल्ल्यावर बसणाऱ्या पाववाल्याच्या अंगात न वापरलेली शक्ती पडून असते. त्याला ‘अजून एक’ म्हटलं तर ती बाहेर येते. तोडणाऱ्याच्या अंगात शिल्लक काहीच नसतं. तो ओढतो ते हाडामांसातून.

त्यानंतरच्या तिसऱ्या नोव्हेंबरात, हंगामाआधी, साखर कारखान्याच्या दाराशी नेहमीसारखं त्याचं रक्त तपासलं. तरुण डॉक्टरणीने चिठ्ठी दोनदा वाचली. “मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त गेलीत. ऊस बंद. सावलीतलं काही काम बघा.”

सावलीतलं काम त्या भागात पाद्रीबाबाला होतं आणि शाळामास्तरांना.

त्याच आठवड्यात पडद्यावर लिसांद्रोने एका माणसाला नोकरी नाकारल्याचं पत्र टराटरा फाडलं. “कागद तुमची किंमत ठरवत नाही!” रुपेर्तो खुर्चीतून उठला. त्याला वाटलं, हे आपल्यालाच सांगितलं.

वाट सगळ्यांना माहीत होती. दर हंगामात दहा-बारा जण दुसऱ्याच्या ओळखपत्रावर तोडायला यायचे. रक्त एकाचं, पाठ दुसऱ्याची. मुकादम फाउस्तोही जाणून होता. काजळी बसली की सगळी थोबाडं सारखीच दिसतात, असं तो म्हणायचा. दामारिसचा धाकटा भाऊ यादेर समुद्राकडे कोळंबीच्या तळ्यांवर कामाला होता. सव्वीस वर्षांचा, धडधाकट.

“देतो रक्त, दाजी,” यादेर म्हणाला. “पण तुम्ही शेतात मेलात तर कागदावर मी मरेन.”

“मग तुझ्या बायकोला पेन्शन लागेल.”

“तिच्या कानावर घालू नका. आजच तळ्यात ढकलेल मला.”

दामारिस हसली नाही. तिने दोघांपुढची ताटं उचलली.

दोन हंगाम रुपेर्तो यादेर सोलिस म्हणून उभा राहिला. पहाटे फाउस्तो नाव पुकारायचा, तो ‘हजर’ म्हणायचा. पहिल्या हंगामात सात टनांच्या खाली आला नाही. दुसऱ्यात बूट सुजलेल्या पायात जाईनात, तेव्हा त्याने ते बाजूने कापले. वहीत लिहिलं, ‘आज सात. उद्या आठ.’

फेब्रुवारीत, सकाळी अकराला, तो सरीत पडला. घाव घालून झाला होता, कांडं डावीकडे टाकायचं राहिलं होतं. तोंडाला फेस आला. फाउस्तोने आधी त्याच्या खिशातलं यादेरचं ओळखपत्र काढून घेतलं, मग ट्रक बोलावला.

कामगार विम्याच्या इस्पितळात तो शुद्धीवर आला. नोंदणीच्या खिडकीतल्या बाईने विचारलं, “नाव?”

 यादेर म्हटलं तर खाट मिळणार होती, औषध मिळणार होतं. पण मग सडलेली मूत्रपिंडं यादेरच्या नावावर चढली असती आणि पुढे जन्मभर त्याला त्या कारखान्याचं दार बंद. कोळंबीची तळी नाताळातच बंद पडली होती. यादेरला आणखी दोन पोरं झाली होती आणि नोव्हेंबरात त्याला ऊसच तोडावा लागणार होता.

“रुपेर्तो मुंगिया.”

बाईने यंत्रात नाव घातलं. वर-खाली केलं. “तुमचे हप्ते भरलेले नाहीत. दोन वर्षं तुम्ही कुठेच काम केलेलं नाही.”

“नाही,” रुपेर्तो म्हणाला. “घरीच होतो.”

दामारिस शेजारी उभी होती. तिने खिडकीची कड घट्ट धरली.

सरकारी इस्पितळाने त्याला घेतलं. दोन्ही मूत्रपिंडं संपली होती. आता रक्त साफ होण्यासाठी पोटात नळी घालायची आणि रोज चार वेळा पिशवीतलं पाणी आत सोडून बाहेर काढायचं, घरच्या घरी. पण मातीच्या जमिनीवर हे करता येत नाही. जंतू गेला की माणूस आठवड्यात जातो. आधी खोली दाखवा, मग पिशव्या देऊ, तोवर इस्पितळातल्या यंत्रावर भागवू, असं त्यांनी सांगितलं.

हंगाम संपल्यावर यादेर शेवटच्या पगाराचं पाकीट घेऊन आला. सही त्यालाच करावी लागली होती.

“दाजी, नोव्हेंबरात मी जाणार.”

“जा. पण दर तासाला सावलीत बस. तहान नसली तरी पाणी पी.”

“फाउस्तो हसेल.”

“हसू दे. पाच टन पाड आणि घरी ये. आठ पाड म्हणून कुणी सांगितलं तर त्याला माझ्याकडे घेऊन ये.”

बुधवारी साडेसहाला दामारिसने टीव्ही लावला नाही. रुपेर्तोनेच लावायला सांगितला.

“अजून ऐकायचंय त्याचं?” तिने विचारलं.

“दारू त्यानेच सोडवली. नोहेमी त्याच्यामुळे परत बोलली. ते खरं होतं.” बोलताना त्याला धाप लागायची. “उसाचं त्याला काय माहीत? ते मी माझ्या मनाने जोडलं. दुखतंय म्हणून अंग ओरडत होतं, आणि मी त्याला खोटं पाडत बसलो.”

खोली मे महिन्यात झाली. जमीन यादेर आणि दामारिसने केली. रुपेर्तो दारात खुर्ची टाकून बसला आणि उतार चुकला की काठीने दाखवत राहिला. दोन फरशा उचलून पुन्हा बसवायला लावल्या. नर्स आली, तिने भिंतीवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि कागदावर सही केली.

त्या खोलीत तो अकरा महिने जगला. दोन हंगामांत त्याने सतराशे टनांच्या वर ऊस तोडला होता. घर चालवून जे उरलं, त्यातून एवढं आलं: तीन मीटर बाय तीन मीटर पांढरी फरशी, पत्र्याखाली लाकडी छत, भिंतींना धुता येणारा रंग, कोपराने उघडता येणारा नळ आणि नीट बंद होणारं एक दार.