ज्याचे शब्द त्याच्या हाती

आमच्या शहराच्या कोठी भागात पुस्तकांच्या दुकानांवरच्या मजल्यावर एका होमिओपॅथी डॉक्टरांचा दवाखाना होता. आमच्या काचीगुड्याच्या घरातली सगळी दुखणी तिथेच जायची. मी त्यांना डॉक्टरकाका म्हणायची. नोकरीला लागले त्या वर्षी मी त्यांना एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. नाव टाकलं की त्या पेशंटची सगळी हकिगत पडद्यावर यायची, पण ती काकांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर आणि फक्त तिथेच. माहिती बाहेर काढायची सोय मी केलीच नव्हती. त्यांनी मागितली नव्हती, मला सुचली नव्हती.

काकांची लिहायची रीत वेगळी होती. ‘डोकेदुखी’ असं ते कधी लिहीत नसत. पेशंट जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच लिपीत टिपून ठेवत. मराठी, तेलुगू, उर्दू, तिन्ही लिपी त्यांना येत. दोन बोटांनी हळूहळू टाइप करत बसत आणि पेशंट तोवर थांबत. काही जण म्हणत, निम्मा आराम तर त्या थांबण्यातच पडतो.

मागच्या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला. दवाखाना बंद करून मुलीकडे राहायला जायचं ठरलं आणि त्यांनी मला बोलावलं.

“हे सगळं ज्याचं त्याला द्यायचंय,” ते म्हणाले. “कागदावर. ज्याला पाहिजे त्याला मेलवर. नवीन डॉक्टरला दाखवायला होईल.”

“दोन दिवसांचं काम आहे काका, फिकर नका करू.”

“पण तपासायला दुसऱ्या कुणाची केस उघडायची नाही हां. ते लोक माझ्याशी बोललेत, तुझ्याशी नाही. तुझी स्वतःची घे. आणि तुझ्या आईची घे. ती असती तर नाही म्हणाली नसती.”

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. मी मान डोलावली आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी पहिली पीडीएफ निघाली, आईच्या केसची. मी ती अभिमानाने काकांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. “ही कुठली भाषा?”

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी बोलते झकास, पण वाचताना अजून एकेक अक्षर लावावं लागतं. त्यामुळे मला ते दिसलंच नव्हतं. ‘वि’ची वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन पडली होती. ‘पूर्ण’वरचा रफार खाली उतरून, पाय मोडलेला ‘र’ होऊन उभा होता. जोडाक्षरं सगळी सुटी.

शेजारी काकांच्या मदतनीस आपा औषधाच्या पुड्या बांधत होत्या. त्या दवाखान्यात काकांइतक्याच जुन्या. त्यांनी स्वतःची केस तपासायला दिली होती, ती उर्दूत होती. कागद बघून त्या हसायलाच लागल्या. “बेटा, ये तो पूरा उल्टा जा रा! आखिर का हर्फ पहले बैठ गया.”

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. त्या तीन आठवड्यांत मला जे समजलं त्याने मी आजही थक्क होते. कॉम्प्युटर अक्षरं ठेवतो ती बोलण्याच्या क्रमाने: आधी ‘व’, मग इकार. डोळ्यांना मात्र इकार आधी दिसायला हवा. रफार आपण आधी उच्चारतो आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर लिहितो. उर्दूचं अक्षर शब्दात कुठे बसलंय त्यावर रूप बदलतं, आणि ओळ उजवीकडून चालते. पडद्यावर हे सगळं कुणीतरी आपल्यासाठी गुपचूप करत असतं. कागदासाठी पीडीएफ काढताना मी नेमकं त्यालाच वगळलं होतं.

शोधल्यावर ते ‘कुणीतरी’ सापडलं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणालाही फुकट वापरता येणारा कोड. त्यात नुसत्या रफाराचे नियम वाचत मी एक अख्खी दुपार बसले. ज्यांनी ते लिहिले त्यांच्यातल्या कितीजणांची ही लिपी नसेलही. तरी आमच्या एका ‘र’ने कुठे बसावं याचा त्यांनी एवढा विचार केला होता. मला एकदम लहान वाटलं, आणि बरंही वाटलं.

तो कोड जोडला, बटण दाबलं आणि आईचं पान पुन्हा काढलं. अक्षरं जुळून आली होती. मी बोट ठेवून, एकेक शब्द लावत वाचलं:

‘दुपारी घर शांत झालं की उजव्या कानात विहिरीवरच्या रहाटाचा आवाज येतो. त्रास नाही होत. माहेरी गेल्यासारखं वाटतं. औषधानं पूर्ण जाईल का? थोडा ठेवा.’

आईच्या कानात आवाज येतो हे मला माहीत होतं. मी तिला कानाच्या मोठ्या डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागायची आणि ती टाळायची. का ते मी कधी विचारलं नव्हतं. मी कागद घेऊन काकांकडे गेले.

“मग तुम्ही काय केलंत?”

“थोडा ठेवला,” काका म्हणाले.

पुढच्या महिन्यात ते आणि आपा रोज सकाळी पेशंटना फोन करून बोलवू लागले. मी सुट्टी काढून प्रिंटरपाशी बसायची. काका नाव शोधत, बटण दाबत, कागद पालथा घेऊन ज्याचा त्याला देत. मी वाचत नसे. पण एका शिंप्याने तिथेच उभ्याने आपला कागद वाचला. तेलुगूत होता.

“इदि नेनु चेप्पिंदेना?” त्याने विचारलं. हे मीच सांगितलेलं का?

“तुम्हीच. माझ्या पदरचं एक अक्षर नाही,” काका त्याला तेलुगूत म्हणाले.

बरोबर त्याची बायको होती. तिला वाचता येत नसावं, तिने त्याच्या दंडाला धरून ऐकव म्हटलं. त्याने आधी आढेवेढे घेतले, मग वाचलं: मशीन थांबवलं तरी माझे पाय चालतच राहतात. घरी कळू नये म्हणून मी झोपताना पायांवर उशी ठेवतो.

बायको त्याच्या पायांकडे बघत राहिली. मग तिने कागद त्याच्या हातातून घेतला, दोन घड्या घातल्या आणि आपल्या पिशवीत ठेवला. “चला,” म्हणाली. जिना उतरताना ती एक पायरी पुढे होती आणि त्याचा हात तिच्या खांद्यावर होता.

आपांनी पुढचं नाव पुकारलं.