कोल्ह्याचं टचिंग

टचिंगमामांना खऱ्या नावाने हाक मारणारं गावात आता कुणी उरलं नव्हतं. बँकेतली बाईसुद्धा सहीखालचं नाव वाचून विचारायची, "म्हणजे टचिंगमामाच ना?" बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ. पुढे काच, आत रंगवलेल्या धबधब्याचा पडदा आणि मागच्या खोलीत तिरक्या काचेचं टेबल, खाली दिवा. त्या टेबलाशी बसून मामांनी चाळीस वर्षं गावाचे चेहरे साफ केले. निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिल फिरली की मुरूम गेला, व्रण गेला, डोळ्याखालचं काळं गेलं; यालाच टचिंग म्हणायचे. "फोटो काढायला काय, कुणालाही येतं," ते म्हणायचे. "काढून टाकायला यायला पाहिजे." एकदा एका म्हाताऱ्याची मुलं वारलेल्या बापाचा फोटो परत घेऊन आली होती. म्हणाली, मामा, हा आमचा बाप नाही, आमचा बाप इतका बरा कधीच दिसला नाही.

उत्सवाच्या दिवसांत मात्र मामांना पाणी प्यायची फुरसत नसे. आठवडाभर आधी गावकरी रानातून एक कोल्हा धरून आणायचे. चावू नये म्हणून त्याचं तोंड शिवायचे, गळ्यात झालर बांधायची आणि मांडवातल्या खुर्चीवर बसवायचं. त्या वर्षी जन्मलेलं प्रत्येक मूल त्याच्या शेजारी ठेवून फोटो काढायचा, म्हणजे पोर हुशार निघतं. गावात हुशारीचा काय सुकाळ आहे ते आपण बघतोच आहोत, पण फोटो मात्र घराघरांत आहे. तिसऱ्या दिवशी वाजतगाजत कोल्ह्याला रानाच्या कडेला नेऊन सोडायचं. "आमच्याकडे हत्या नाही," लोक पाहुण्यांना छाती फुगवून सांगत. "आम्ही सोडतो."

तोंड शिवायचा मान गादीवाल्यांच्या घराकडे, आणि गादीवाल्यांची लेक म्हणजे मामांची बायको, साऱ्या गावाची मामी. आधी तिचे वडील शिवत, त्यांच्या मागे तिचा थोरला भाऊ. मामी कोल्ह्याच्या वाटेला जात नसे, पण गाद्या शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचा टाका शोधायला नख फिरवावं लागायचं.

आता बाळाशेजारी शिवलेलं तोंड कुठल्या आईला आवडणार? तेव्हा टाके काढणं हे मामांचं काम. मुरूम तसा दोरा. एका वर्षी तर टाके इतके बारीक होते की एकेका निगेटिव्हला दोन मिनिटंही लागली नाहीत. घरी जेवताना मामा खुशीत म्हणाले, "तुझ्या दादाचा हात यंदा काय बसलाय गं! सांग त्याला, असाच शिवत जा म्हणावं." मामी पाणी आणायला उठली.

मग कॉम्प्युटर आला. मामांनी पहिल्याच उत्सवात कोल्ह्याचं तोंड पडद्यावर मोठं केलं, वहीच्या पानाएवढं. पेन्सिलीखाली जी केसाएवढी रेघ होती, तो आता मेण लावलेला काळा दोरा होता. प्रत्येक भोकाशी पू होता आणि एका भोकात माशी. मामांनी टाके मोजले. सात होते. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी मोजले नव्हते. नुसतं वाईट वाटलं असं म्हटलं तर ते कमी पडेल. त्यांना स्वतःचीच शिसारी आली. तरी त्या दिवशी ते सातही टाके त्यांनी पुसले, कारण बाहेर बाकावर अकरा आया बाळं घेऊन बसल्या होत्या.

पण डोक्यात एक प्रश्न शिरला, इतका साधा की गावाला तो कधी पडलाच नव्हता. सोडताना टाके कोण काढतं?

त्यांनी मेहुण्याला विचारलं. मेहुणा हसला. "काढतंय कोण, भाऊजी? चावला म्हणजे?"

सोडल्यावर आठव्या दिवशी मामांना तो कोल्हा सापडला. जुन्या खाणीत पावसाचं पाणी साठतं, तिथे. भुकेने मेला असेल, असं त्यांना वाटलं होतं. पण तो पाण्याच्या काठाला मेला होता, बंद तोंड पाण्यात बुडवून. मामा शेजारच्या दगडावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून त्यांनी कॅमेरा काढला, मापाला शेजारी पट्टी ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा असे फोटो काढले ज्यांना टचिंग करायचं नव्हतं.

पुढची दोन वर्षंही हेच चाललं. बाळांचे फोटो बंद. मामा मांडवात जात, लांबून कोल्ह्याचं तोंड टिपत, आणि उत्सव झाला की आठवडाभर खाण पालथी घालत. वहीत तारीख, वेळ, टाके किती. तीन वर्षं, तीन कोल्हे, तिन्ही पाण्यापाशी. गावाने आधी थट्टा केली. कोल्हेमामा म्हणाले, म्हातारपणी चळ लागला म्हणाले. मग स्टुडिओची काच फुटली. कुणी फोडली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. चौथ्या वर्षी कोल्हीण धरून आणली. उत्सव समितीच्या कचेरीमागे तिचा पिंजरा ठेवला, त्याच दिवशी मामांनी वनखात्याच्या कचेरीत तक्रार दिली. तोंड शिवायच्या आदल्या दिवशीची सुनावणी लागली. साहेबांनी मनाई दिली तर ही कोल्हीण वाचणार होती.

त्या संध्याकाळी मेहुणा घरी आला. चप्पल न काढता दारातच उभा राहिला.

"भाऊजी, म्हातारपणी मला तुरुंग दाखवणार का?"

"मी तुमचं नाव लिहिलेलं नाही. 'अज्ञात इसम' लिहिलंय."

"शिवणारं घर गावात एकच. अज्ञात कसलं डोंबल!"

"काय करू मग? आपलेच दात, आपलेच ओठ."

"हो ना? मग टाकेही आपलेच म्हणा," मेहुणा म्हणाला आणि आत बघून ओरडला, "अगं, समजाव यांना. तू तरी समजाव."

मामी आतल्या दाराला धरून उभी होती. तिने भावाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन दिवा लावला. तिची जीभ का उचलत नाही, हे मामांना कळलं नाही. माहेरची माया, असं त्यांनी धरून चाललं.

सुनावणीला मामा धुतलेला सदरा घालून गेले. बगलेत पुठ्ठ्याची फाइल, फाइलमध्ये तिन्ही वर्षांचे फोटो. समितीचे अध्यक्ष आले ते दोन पोती घेऊन. साहेबांच्या टेबलावर त्यांनी पोती मोकळी केली. फ्रेमच फ्रेम! सगळ्या घराघरांतून उतरवून आणलेल्या.

"हे बघा," अध्यक्ष म्हणाले. "हा माझा मुलगा. हा नातू. साहेब, यातल्या एकाही कोल्ह्याच्या तोंडाला दोरा दाखवा, मी इथल्या इथे कान पकडतो. उलट हसतायत बघा."

साहेबांनी एक फ्रेम उलटी केली. मागे शिक्का होता.

"तुमच्याच स्टुडिओचा?"

"हो, साहेब."

"यात टाके नाहीत."

"मी काढले, साहेब. टचिंग केलं."

"अस्सं. म्हणजे टाके असून नसल्यासारखं तुम्हाला करता येतं."

"येतं."

"मग नसून असल्यासारखं?"

इथे कुठल्याही दीडशहाण्या वकिलाने मामांना आधीच पढवून ठेवलं असतं, की नाही म्हणा. पण मामांना वकील नव्हता. आणि चाळीस वर्षं ज्या हातांचं गावाने नाव काढलं, त्या हातांना हे जमतं का असं विचारल्यावर 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडात येईचना.

"येतं की, साहेब," ते म्हणाले. "ते तर सोपं असतं."

कचेरीत हशा पिकला. शिपाईसुद्धा हसला. आपण काय बोलून बसलो हे मामांच्या ध्यानात आलं तेव्हा साहेब लिहायला लागले होते.

"साहेब, थांबा. जुन्या निगेटिव्ह आहेत माझ्याकडे. पेन्सिल वरचीच असते, टर्पेंटाइनने धुतली की जाते. खालचे टाके दिसतील. आठ दिवस द्या."

"म्हणजे आणखी फेरफार करून आणणार?"

"मग तुम्ही या. परवा मांडवात या, डोळ्यांनी बघा. नाहीतर आत्ता चला, कोल्हीण पिंजऱ्यात आहे."

"तिचं तोंड शिवलंय?"

"उद्या शिवतील."

"म्हणजे आज शिवलेलं नाही," साहेब म्हणाले. "आणि परवा कचेरीला उत्सवाची सुट्टी आहे." तक्रारदाराने छायाचित्रांत फेरफार करीत असल्याचं स्वतः कबूल केल्यावरून तक्रार निकाली, असं त्यांनी लिहिलं आणि सही घ्यायला कागद मामांपुढे सरकवला. मामांनी सही केली. सही करताना त्यांचा हात अजिबात हलला नाही, तो हात कधीच हलत नसे.

उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी सारं गाव कोल्हिणीला सोडायला निघालं. मामांनी स्टुडिओचं शटर ओढून घेतलं होतं. मागच्या खोलीत जुने डबे काढून, दिवा लावून ते नुसतेच बसले होते. आता निगेटिव्ह धुऊन कुणाला दाखवायच्या होत्या? पण हात रिकामे ठेवायची त्यांना सवय नव्हती. तेवढ्यात मागच्या दाराने मामी आली. तिने वाटीत टर्पेंटाइन ओतलं, कापसाचे बोळे केले आणि शेजारी स्टूल ओढून बसली. इतक्या वर्षांत ती या खोलीत कधी बसली नव्हती.

मामा पुसत होते आणि दिव्यावर धरत होते. पेन्सिल निघून जायची आणि कोल्ह्याच्या ओठांवर टाके एकेक करून परत यायचे. मामी वाकून बघायची.

"हे बाबांचे," ती म्हणाली. "बाबा शेवटची गाठ दोनदा मारायचे." पुढच्या डब्यातलं पाहून म्हणाली, "हे दादाचे. याचे टाके कायमचे ढिले, कितीदा बोलणी खाल्ली त्याने बाबांची."

बाहेर ताशे जवळ आले. मामांनी पुढची निगेटिव्ह पुसली. आधी त्यांना वाटलं, यात काही नाहीच. मग भिंग घेतलं. टाके होते, एकसारखे, एका ओळीत, इतके बारीक की भिंगाशिवाय दिसू नयेत.

"आणि हे?"

मामीने हातातला बोळा वाटीत ठेवला.

"त्या साली दादाचा हात मोडला होता. झाडावरून पडला होता, आठवतंय? सगळे म्हणाले, मान घरातच राहिला पाहिजे. चौघांनी कोल्ह्याला धरून ठेवलं होतं." ती थांबली. "तुम्ही घरी येऊन म्हणालात, हात काय बसलाय."

मामांनी भिंग खाली ठेवलं.

"मला वाटलं, बारीक घातला तर कमी दुखेल त्याला. तेवढंच वाटलं हो. मग तुम्ही खाणीतले फोटो घेऊन आलात." तिने वाटी बाजूला सारली. "दादाचा टाका ढिला असतो. एखाद्याचा सुटला असेल, पाणी प्यायला असेल एखादा. माझा टाका सुटत नाही. गादी फाटते, पण माझा टाका सुटत नाही."

ताशे शटरसमोरून गेले. पोरं ओरडत होती, सोडा, सोडा. काचा थरथरल्या, मग आवाज रानाच्या दिशेने लांब लांब गेला.

मामांनी निगेटिव्ह पुन्हा काचेवर ठेवली. खणातून पेन्सिल काढली, टोक सँडपेपरवर घासून केसासारखं केलं आणि मान खाली घालून कामाला लागले. दोन मिनिटंही लागली नाहीत.