अंगठा मुठीत

आईचं मनगट दुखतंय हे मला तिच्या डाव्या हातामुळे कळलं. चहाचं पातेलं, दाराची कडी, मोरीतला नळ, सगळं अचानक डाव्या हाताने सुरू झालं होतं. विचारलं तर म्हणे, सहज. बहात्तराव्या वर्षी कुणी सहज डावखुरं होत नाही.

गणपती आठ दिवसांवर आले होते. लालबागच्या खोलीत आम्ही दोघंच, आणि एकवीस उकडीचे मोदक तिनेच करायचे हा नियमही तिचाच. गेल्या वर्षी तिला ताप आला म्हणून मी ते दुकानातून आणले, तर पाचही दिवस गणपतीचा चेहरा उतरलेला तिला एकटीलाच दिसत होता. यंदा डॉक्टरांनी हाताला विश्रांती सांगितली की पुन्हा दुकान. त्यापेक्षा दुखणं लपवलेलं बरं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

तरी मी तिला परळच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलंच. त्यांनी तिला अंगठा मुठीत धरायला लावला आणि मूठ हळूच करंगळीकडे वाकवली. अंगठ्याच्या शिरा सुजल्या असतील तर यात मनगटात चमक निघते. आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "छे, काही नाही."

मला राहवेना. बघू तरी म्हणून मी माझीच मूठ जोरात वाकवली आणि ओरडलो. इतक्या जोरात वाकवली तर कुणालाही दुखेल, बाई म्हणाल्या, आणि हळू वाकवली तर पेशंट सांगेल तेवढंच आम्हाला कळतं. आजारी माणूस गप्प आणि धडधाकट माणूस बोंबलतोय, तरी त्या हसल्या नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

मग त्यांनी पेन बाजूला ठेवलं. "आजी, माझ्या मोदकाच्या कळ्या फाटतात हो. तुम्ही कशा पाडता?"

आईचा चेहरा एकदम खुलला. तिने रुमालाची पारी केली आणि उजव्या हाताने चिमटीत कळ्या पाडायला लागली. तिसऱ्या कळीला हात थांबला, डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी अंगठ्याच्या मुळाशी बोट टेकवलं. "इथेच ना?"

"उकड गरम असतानाच मळायची," आई म्हणाली, "म्हणजे फाटत नाहीत."

तीन आठवड्यांचा पट्टा मिळाला. घरी येईपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालत राहिली आणि मला चोरासारखं वाटत राहिलं. शेवटी मीच म्हटलं, मोदक मी करतो, तू फक्त सांग.

चतुर्थीला ती पट्टा बांधून स्टुलावर बसली आणि सांगण्यात काही कमी केलं नाही. माझ्या पहिल्या मोदकाला लसणाचा गड्डा म्हणाली. एकविसावा झाला तेव्हा माझा अंगठा ठणकत होता. तिने डाव्या हाताने माझा हात ओढला, अंगठा मुठीत घातला आणि मूठ हळूच वाकवली.

"दुखतंय?"

मी आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "छे, काही नाही."

तिने हात सोडला नाही. पट्ट्यातून बाहेर आलेल्या बोटांनी ती बराच वेळ माझं मनगट चोळत बसली.