सत्तारचाचा आणि शाळेची टाकी

सत्तारचाचा कुणाशी हात मिळवण्याआधी समोरच्याचा पंजा उलटा करून बघायचे. मी आर्णीच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी माझाही बघितला. "तेलकट आहे. सकाळी भजे हाणले काय, मास्तर?" खरंच हाणले होते.

चाचा पेंटर. तरुणपणी कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मशीनने त्यांच्या उजव्या हाताची करंगळी घेतली, तेव्हा त्यांनी उरलेल्या बोटांत ब्रश धरला. अक्षर असं की दुकानदार पाटीवरून हात फिरवत बसायचे आणि चाचा ओरडायचे, "हात नोको लावू!" स्वतः मात्र काम मनासारखं उतरलं की बैलाची पाठ थोपटावी तसं त्याला थोपटायचे.

कापसाने सगळ्या तालुक्याला रडवलं, त्या वर्षांची ही गोष्ट. जिनिंगला कुलूप लागलं, नवी दुकानं निघेनात, जुन्यांना पाट्या परवडेनात. तशात शाळेला कुणीतरी स्टीलची पाण्याची टाकी दिली. ती उन्हात अशी लखलखायची की आठवीच्या वर्गाला फळा दिसेना. ती रंगवायचं ठरलं. चाचांना त्या हंगामात मिळालेलं ते एकच काम.

त्यांनी टाकी सोड्याने धुतली, थिनरने पुसली आणि पॉलिश पेपर घेऊन खरखरा घासायला बसले. हेडमास्तर धावतच आले. "अहो, नवी टाकी! ओरबाडता काय?"

"सर, चिकन्या घड्यावर पानी थांबते काय? तसाच रंग बी नाही थांबत. घासल्याबिगर धरूनच राह्यत नाही."

मग त्यांनी टाकीवर पाणी ओतलं. पाण्याचे थेंब झाले. "अजून तेल आहे." पुन्हा धुणं, पुन्हा थिनर. शेवटी पाणी चादरीसारखं सरळ उतरलं, तेव्हा चाचांनी सगळ्या शाळेला दम भरला. "आता कोनी बोट बी लावाचं नाही. बोटाले घाम असते, तेल असते. एका बोटाएवढा रंग जरी निघाला, तर हा सत्तार ब्रश खाली ठेवंन. जिंदगीभर!"

टाकी वाळली, अस्तर झालं, हिरवा रंग चढला. चाचांच्या त्या वाक्याची बातमी पार बाजारापर्यंत गेली.

पावसाळा सरता सरता टाकीवरचा एक पोपडा निघाला. नीट तळहाताएवढा.

चाचा थिनरसारखे भडकले. "काहून लावला हात? कोनं लावला?" सगळ्या शाळेला रांगेत उभं केलं आणि एकेकाचा पंजा त्या डागावर ठेवून बघितला. माझा तळवा लांब भरला, हेडमास्तरांचा रुंद. शिपाई नामदेववर सगळ्यात जास्त संशय, कारण तो डब्यात रोज तळलेलं आणायचा. पण त्याचा पंजा फारच लहान निघाला. नामदेवने त्या आनंदात आम्हाला चहा पाजला.

दिवाळीपर्यंत डागाला लागून बोटांच्या जागचाही रंग गळला. एकदा चाचा डाग बघायला आले असताना शाळेच्या झाडूवाल्या शांताबाई अंगण झाडता झाडता थांबल्या, टाकीकडे निरखून बघत म्हणाल्या, "चाचा, याले तं करंगळीच नाही ना!"

चाचांनी सावकाश आपला उजवा हात त्या डागावर ठेवला. तंतोतंत बसला. "पानी सरळ उतरलं ना," ते हळूच म्हणाले, "खुशीत थोपटलं असंन मी."

दुसऱ्या दिवशी ते सगळे ब्रश फडक्यात बांधून घेऊन आले आणि हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवले. "जबान म्हंजे जबान." डोळे भरलेले. मला फार वाईट वाटलं; या माणसाच्या हातातून ब्रश गेला तर मागे उरणार काय?

दारात झाडू घेऊन उभ्या शांताबाईच बोलल्या. "चाचा, तुमी एका बोटाएवढा म्हनलं होतं. हा तं पुरा पंजा आहे. शर्त लागूच होत नाही."

चाचांनी आपलं एक बोट बघितलं, मग सगळा पंजा. मग फडक्याची गाठ सोडली. "बात तं बराबर आहे बाई तुमची."

तो डाग त्यांनी बुजवला नाही. त्याच्या खालची जागा तेवढी पुन्हा धुतली, घासली, पाणी ओतून तपासली आणि तिथे सुंदर अक्षरात लिहिलं : 'हात लावू नये.'

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पोरं अजून पाणी पिताना त्या पंज्यावर आपला हात ठेवून बघतात, करंगळी मुडपून. शाळेत गेलो की मीही ठेवतो. टाकीचा हिरवा रंग कुठे कुठे विटलाय. त्या तीन शब्दांचा मात्र अजून एक टवकाही उडालेला नाही.